शेठचे पैसे, फंडाचे पैसे, सरांचे पैसे

ताई, नमस्कार.

मी आणि माझा मित्र, दोघेही इंजिनिअर, इचलकरंजीचे. तीन वर्षांपूर्वी आम्ही यंत्रमागावर बसवायचं एक छोटं उपकरण तयार केलं. माग कधी थांबला, किती वेळ थांबला, दिवसात किती पीक पडले (पीक म्हणजे आडव्या धाग्याचा एक फेरा), हे सगळं मागवाल्याच्या मोबाइलवर दिसतं. आज साडेपाच हजार मागांवर आमचं उपकरण आहे आणि मागामागे महिन्याला १५० रुपये भाडं मिळतं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, आम्ही दोघं निम्मे-निम्मे. खर्च भागतो, फार उरत नाही. आता भिवंडी, मालेगाव आणि सुरतला जायचं आहे. वर्षभरात आणखी दहा हजार माग जोडायचे आहेत. एका उपकरणाला ११०० रुपये खर्च येतो, शिवाय माणसं घ्यावी लागतील.

तीन ठिकाणांहून विचारणा आहे. मुंबईचा एक व्हेंचर फंड (नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालणारा) २० टक्क्यांसाठी ४ कोटी द्यायला तयार आहे. टर्म शीट (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा प्राथमिक कागद) आणि फंडाचं माहितीपत्रक सोबत जोडते आहे. ४०० कोटींचा फंड आहे, २०२० चा, मुदत दहा वर्षं. दहा दिवसांत सही करा म्हणतात. दुसरे आमच्या गावातले सूत व्यापारी. माझे बाबा त्यांच्या पेढीवर २२ वर्षं दिवाणजी आहेत. शेठ दीड कोटी देतील, २६ टक्के आणि मुलाला संचालकपद हवं. काही रक्कम रोखीत देतो, २५ लाख आजच घ्या, कागद नंतर बघू, असं म्हणतात. तिसरे पुण्याचे एक निवृत्त सर, टेक्स्टाइल मशिनरीत हयात घालवलेले. ते आणि त्यांचे चार मित्र मिळून १० टक्क्यांना ९० लाख देतील. सरांना मार्गदर्शनासाठी वेगळे २ टक्के हवेत.

मित्राला फंड हवा, कारण त्यांनी कंपनीची किंमत २० कोटी धरली आहे. बाबा म्हणतात, शेठना नाही म्हणू नको. मला सर बरे वाटतात, पण नुसतं बरं वाटणं पुरेसं आहे का?

एक वाचक, इचलकरंजी

*

नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा आकडा तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. उपकरणाला अकराशे रुपये खर्च आणि भाडं महिन्याला दीडशे. म्हणजे साडेसात महिन्यांत उपकरणाची किंमत वसूल. सिमकार्ड, दुरुस्ती, थकलेलं भाडं धरलं तरी वर्षाच्या आत. इतक्या लवकर फिटणाऱ्या वस्तूसाठी कंपनीतला कायमचा हिस्सा देऊ नका. दहा हजार उपकरणांचे १ कोटी १० लाख कर्जाने उभे करायचे असतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून सीजीटीएमएसई या सरकारी हमी ट्रस्टची हमी असते आणि १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी झाली आहे. बँक मॅनेजर तरीही पहिल्या भेटीत घर कोणाच्या नावावर आहे ते विचारेलच. त्याने खचून जाऊ नका. तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रं आणि मागवाल्यांकडून दरमहा जमा होणाऱ्या भाड्याचं स्टेटमेंट घेऊन दोन-तीन बँकांत जा. पहिल्यांदा तीन हजार उपकरणांपुरते ३३ लाखच मागा. ते वेळेवर फेडले की पुढचं मागणं सोपं जातं. कर्जावर तुम्हा दोघांची वैयक्तिक हमी घेतली जाईल, हे मात्र घरच्यांना आधी सांगून ठेवा.

मग खऱ्या अर्थाने भांडवल लागतं ते माणसांसाठी आणि तीन गावांत पाय रोवण्यासाठी. त्याचा हिशेब तुम्ही पत्रात दिलेला नाही. माझ्या अंदाजाने वर्ष-दीड वर्षाला ६० ते ८० लाख. हा आकडा आधी दोघांनी बसून पक्का करा. तो हातात नसताना तीन प्रस्तावांची तुलना केली की नजर आपोआप सगळ्यात मोठ्या रकमेकडे जाते. तुमच्या मित्राचं तेच झालं आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. गुंतवणूकदार पारखताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते: त्याच्याकडे हे पैसे कुठून आले आणि ते त्याला कधी, कोणाला परत करायचे आहेत. माणूस स्वभावाने कसाही असो, अडचणीच्या वेळी तो वागतो या बंधनाप्रमाणे. तिन्ही प्रस्ताव याच नजरेने बघू.

फंडाचे पैसे फंडवाल्यांचे स्वतःचे नसतात. कुणा उद्योजक घराण्याचे, विमा कंपन्यांचे, संस्थांचे पैसे ठरावीक मुदतीसाठी त्यांच्याकडे आलेले असतात. फंड २०२० चा आणि मुदत दहा वर्षं, म्हणजे २०३० मध्ये हिशेब मिटवायचा. सेबीच्या नियमांप्रमाणे दोन तृतीयांश गुंतवणूकदारांच्या संमतीने फार तर दोन वर्षं वाढवून मिळतात. म्हणजे तुमच्यातला हिस्सा त्यांना २०३२ च्या आत विकायचाच आहे, तुमची कंपनी तेव्हा कुठल्याही टप्प्यावर असो. टर्म शीटमध्ये पाच वर्षांनंतर फंडाला संपूर्ण कंपनी विकायला लावण्याचा हक्क आहे आणि त्यात तुम्हा दोघांचे शेअरही ओढले जातील. ड्रॅग-अलाँग म्हणतात त्याला. तो हक्क तिथे का आहे, हे या तारखेवरून समजतं.

आता आकार बघा. समजा काही वर्षांनी कोणी तुमची कंपनी ६० कोटींना घ्यायला आलं. टर्म शीटप्रमाणे तुम्हा दोघांकडे प्रत्येकी ३५ टक्के उरतात (निम्मे-निम्मे असताना ३५ कसे, ते पुढे सांगते). मध्ये आणखी कोणी आलं नसेल आणि विक्रीच्या वेळचं कलम (तेही पुढे येतं) तूर्त बाजूला ठेवलं, तर तुम्हाला प्रत्येकी साधारण २१ कोटी मिळतील. दोन्ही घरांची आयुष्यं बदलतील. फंडाला १२ कोटी मिळतील, चाराचे तिप्पट. पण ४०० कोटींच्या फंडात १२ कोटी म्हणजे जेमतेम ३ टक्के. अशा विक्रीने फंडाचं काही भागत नाही. त्यांच्या दहातल्या बऱ्याच कंपन्या बुडतात किंवा रखडतात आणि एक-दोन कंपन्यांनी सगळ्यांची भरपाई करायची असते. म्हणून ६० कोटींच्या विक्रीला ते नाही म्हणतील आणि ते नाही म्हणण्याचा अधिकार टर्म शीटने त्यांना दिलेला आहे. त्यांना तुमच्याकडून शंभरेक कोटी परत हवे असतील आणि पुढे नवे गुंतवणूकदार येण्याच्या फेऱ्यांत त्यांचा हिस्सा घटून १२ टक्क्यांवर आला, तर तुमची कंपनी ८०० कोटींच्या पुढे जायला हवी. लाखभर मागांवर उपकरण बसवलं तरी आजच्या दराने वर्षाचं भाडं १८ कोटी होतं. तेवढ्यावर ८०० कोटी कोणी देणार नाही. मग नुसत्या मोजणीवर थांबू नका, सूत विका, मागवाल्यांना कर्ज द्या, कापडाचा बाजार उभा करा, असा आग्रह सुरू होईल. हा आग्रह चुकीचा नाही. काहींना तोच हवा असतो. तुम्हा दोघांना तो हवा आहे का, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या मित्राला २० कोटींची किंमत भावली आहे, तर ती जरा उलगडून बघू. कर्मचाऱ्यांसाठी १० टक्क्यांचा शेअर राखीव ठेवायचा आहे आणि तो फंडाचे पैसे येण्याआधी, म्हणजे सगळा तुमच्या वाट्यातून. पैसे आल्यावर फंड २०, राखीव १०, तुम्ही दोघं ७०. २० कोटींचे ७० टक्के म्हणजे १४ कोटी. तुमच्या आजवरच्या कष्टांची त्यांनी धरलेली किंमत ही आहे.

त्याहून जड आहे टर्म शीटच्या पान तीनवरचं, विक्रीच्या वेळचं कलम. कंपनी विकली गेली तर फंड आधी आपले ४ कोटी काढून घेणार आणि मग उरलेल्या रकमेतही २० टक्के वाटा घेणार. १० कोटींना विक्री झाली तर ४ कोटी आधी, उरलेल्या ६ कोटींतले १ कोटी २० लाख नंतर. म्हणजे २० टक्केवाल्याला ५२ टक्के. रास्त पद्धत अशी की ४ कोटी किंवा आपला २० टक्के वाटा, यातलं जे जास्त असेल ते एकच घ्यायचं. त्या पद्धतीने इथे फंडाला ४ कोटी मिळतात आणि तुमच्याकडे ६ कोटी राहतात. हे कलम बदलून मागा. चांगला फंड यावर अडून बसत नाही. अडून बसला तर तीही माहितीच.

फंडाच्या परवानगीशिवाय करायच्या नाहीत अशा १४ गोष्टींची यादी आहे. नवे शेअर काढणं, कंपनी विकणं, मोठं कर्ज, नातेवाइकांशी व्यवहार, यांवर त्यांनी संमती मागणं योग्यच आहे. पण १० लाखांवरच्या पगाराची नेमणूक आणि नवं ऑफिस यांना त्यांची सही कशाला? भिवंडीत गाळा घ्यायचा तर मुंबईहून मेल येईपर्यंत थांबायचं का? ही दोन काढून टाका. संचालक मंडळावर कोण बसणार तेही विचारा. आज तुमच्याशी गोड बोलणारा भागीदार बसणार की त्याने पाठवलेला पंचविशीतला मुलगा? मंडळाच्या रचनेला हलकं समजू नका. २०१५ मध्ये घरं शोधून देणाऱ्या पवईच्या हाउसिंग डॉट कॉममधून सहसंस्थापक राहुल यादव यांना संचालक मंडळानेच दूर केलं होतं.

माझा रोख फंडांच्या विरोधात आहे असं मात्र समजू नका. पुण्याच्या क्विक हीलचं उदाहरण घ्या. कैलास काटकरांचं कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान, मग भाऊ संजय यांनी लिहिलेलं अँटिव्हायरस, आणि १९९५ पासून स्वतःच्या कमाईवर वाढलेली कंपनी. सिकोया या व्हेंचर फंडाचे ६० कोटी त्यांनी घेतले २०१० मध्ये, देशभर वितरक उभे राहिल्यावर. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. फंडाला बाहेर पडायला जेवढा काळ लागतो तेवढ्यात हे बसलं, कारण पैसे घेताना कंपनी त्या टप्प्यावर आलेली होती. नाशिकजवळच्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स बघा. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीत बाहेरच्यांना भागधारक होता येत नाही, म्हणून त्यांनी प्रक्रिया उद्योगासाठी वेगळी कंपनी ठेवली आणि २०२२ मध्ये तिच्यात ३१० कोटी घेतले. दिले कोणी? नेदरलँड्सची एफएमओ आणि फ्रान्सची प्रोपार्को या विकास वित्तसंस्था, बेल्जियमची इन्कोफिन आणि तिथल्याच कोलरुइट कुटुंबाची कोरिस. शेतीला लागणारा वेळ आणि शेतकऱ्याची मालकी यांना धरून चालणारे पैसे त्यांनी शोधले. आपल्या धंद्याला साजेसा पैसा जगात कुठे ना कुठे असतो, त्याला शोधायला वेळ द्यावा लागतो.

मुंबईचा फंड खरा आहे ना, हे सेबीच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत फंडांच्या यादीत बघा. मग त्यांनी पैसे घातलेल्या कंपन्यांपैकी पाच-सहांची कागदपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर उघडा. एका कंपनीला १०० रुपये फी पडते. संचालकांच्या नेमणुका आणि राजीनामे तिथे तारखेनिशी दिसतात. फंड आल्यावर वर्ष-दोन वर्षांत संस्थापकच बाहेर पडले असतील तर त्यांना फोन लावा. फंडाने स्वतःहून दिलेल्या नंबरांवर फक्त कौतुक ऐकायला मिळेल. ज्यांची कंपनी बंद पडली त्यांच्याशी बोला. विचारायचं एवढंच: पगाराला पैसे नव्हते त्या महिन्यात फंडाकडून फोन कोणी केला आणि काय म्हणाला? त्या एका उत्तरातून जे कळतं ते माहितीपत्रकाच्या चाळीस पानांत नसतं. आणि फंडाने पुढच्या फेरीसाठी तुमच्या नावे पैसे राखून ठेवलेत का तेही विचारा. पुढच्या वेळी त्यांनीच हात आखडता घेतला तर नवा माणूस लगेच शंका घेतो.

आता शेठ. इथे तुम्ही बाबांच्या बाजूने विचार करता आहात, ते स्वाभाविक आहे. पण मला जी गोष्ट खटकली ती वेगळीच आहे. शेठ सूत विकतात, खर्चीवाल्या (मजुरीवर कापड विणून देणाऱ्या) यंत्रमागधारकांना बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) आणि सूत देऊन पिकाच्या हिशेबाने मजुरी मोजतात. तुमचं उपकरण नेमकं पीकच मोजतं. कोणाचा माग आठवड्यात किती दिवस बंद होता, कोण रात्रपाळीत दुसऱ्या व्यापाऱ्याचं कापड काढतो, कोणाची उधारी आता बुडणार, हे सगळं तुमच्या सर्व्हरवर आहे. शेठच्या मुलाने संचालक म्हणून हा अहवाल मागितला तर तुम्ही कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? आणि ज्या दिवशी गावात कळेल की मोजणीवाल्या कंपनीत सूतवाल्याचा हिस्सा आहे, त्या दिवसापासून मागवाले उपकरणं काढून ठेवायला लागतील. शेठ भले सज्जन असतील, त्यांनी एकही आकडा बघितला नाही तरी हे होणारच. मजुरीच्या दरावरून मागवाल्यांचं आणि व्यापाऱ्यांचं वर्षानुवर्षं काय चालतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तुमच्या धंद्याचा पाया म्हणजे मागवाल्याचा विश्वास. तो दीड कोटीत विकला जातो आहे.

२६ हा आकडाही सहज आलेला नाही. कंपनीची नियमावली बदलायची, बाहेरच्या नव्या माणसाला शेअर द्यायचे, तर विशेष ठराव लागतो आणि त्याला ७५ टक्के मतं. २६ टक्केवाला एकटा तो ठराव पाडू शकतो. म्हणजे उद्या सर येवोत की फंड, शेठच्या होकाराशिवाय कोणी आत येणार नाही. रोखीचं तर बोलूच नका. कंपनी कायद्याच्या ४२व्या कलमाप्रमाणे शेअरचे पैसे बँकेमार्फतच यावे लागतात, वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात आणि त्याचा अहवाल रजिस्ट्रारकडे दाखल होईपर्यंत त्या पैशांना हात लावता येत नाही. २५ लाख आज घेऊन खर्च केले आणि कागदावर बसायची वेळ आली की भाव शेठ ठरवतील.

नकार कसा द्यायचा, हा तुमच्यासाठी खरा अवघड भाग. फोनवर किंवा मेसेजवर देऊ नका आणि दुसऱ्या कोणाचे पैसे घेतल्यावर तर मुळीच नाही. आधी बाबांना घेऊन बसा आणि त्यांना पिकाचा हा सगळा मुद्दा समजावून सांगा. बावीस वर्षं पेढीवर काढलेल्या माणसाला तो दोन वाक्यांत कळेल. मग दोघं मिळून पेढीवर जा. म्हणा, "शेठ, मागवाल्यांनी आमच्यावर भरवसा टाकून आकडे दिलेत. सूत देणाऱ्याचे पैसे आमच्या कंपनीत आले तर त्यांचा भरवसा राहणार नाही, आणि तुमचे दीड कोटीही त्यात जातील. म्हणून नको म्हणते." हे खरं आहे आणि यात त्यांचा कुठेही अपमान नाही. त्यांच्या स्वतःच्या मागांवर उपकरण हवं असेल तर नेहमीच्या भाड्याने द्या. आणि या निमित्ताने प्रत्येक मागवाल्याबरोबरच्या करारात एक ओळ घाला, की त्याचे आकडे त्याच्या लेखी संमतीशिवाय तिसऱ्या कोणाला दिले जाणार नाहीत.

सरांबद्दल तुम्हाला जे बरं वाटतंय त्यामागे काही ठोस आहे. त्यांनी माग बघितलेत आणि सुरतेत त्यांना ओळखणारी माणसं असणार. त्यांच्या पैशाला २०३० ची तारीख नाही. कंपनी ६० कोटींना विकायची वेळ आली तर त्यांचा आणि तुमचा होकार एकाच वेळी येईल. किंमत ९ कोटी धरली आहे, फंडापेक्षा खूप कमी, पण ९० लाखांत तुमची गरज भागते आणि १० टक्केच जातात.

तरीही त्यांना एक प्रश्न विचाराच, संकोच बाजूला ठेवून: "सर, हे पैसे बुडाले तर तुमच्या घरी काय होईल?" निवृत्तीच्या पुंजीतला मोठा भाग असेल तर घेऊ नका. ज्याची झोप तुमच्या महिन्याच्या आकड्यांवर अवलंबून आहे तो माणूस कितीही प्रेमळ असला तरी सहा महिन्यांत रोज फोन करू लागतो, आणि त्याचं काही चुकत नसतं. चारही मित्रांना हेच विचारलं जायला हवं. त्यांच्यातल्या किती जणांनी अशी जोखमीची गुंतवणूक आधी केली आहे तेही बघा.

पाच जण आहेत, तेव्हा करार एकच करा आणि त्यांच्या वतीने बोलणारा एकच माणूस नेमा. तिमाही अहवाल द्या, रोजच्या कामात नकाराधिकार देऊ नका. वय साठीच्या पुढचं आहे, म्हणून वारसांचा विचार आत्ताच करा. शेअर विकायचे झाले तर आधी तुम्हाला विचारायचं, ही अट करारात हवी आणि कंपनीच्या नियमावलीतही हवी. नुसती करारात असली तर ती कंपनीवर बंधनकारक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागेल, पण त्याहून चढ्या भावाने शेअर दिले म्हणून कंपनीवर कर बसण्याची जी भीती असायची, तो एंजल टॅक्स १ एप्रिल २०२५ पासून गेला. तुमचे सीए जुन्या आठवणीने घाबरवत असतील तर त्यांना हे सांगा.

मार्गदर्शनाचे २ टक्के आत्ता एकदम देऊ नका. दोन वर्षांवर पसरा, दर तिमाहीला पाव टक्का, आणि काम लिहून घ्या: सुरत आणि भिवंडीतल्या कुठल्या गिरण्यांशी गाठ घालून देणार, महिन्यातून किती दिवस देणार. सर खरोखर काम करणार असतील तर त्यांना याचं वाईट वाटणार नाही.

माझा कौल म्हणाल तर बँकेचं कर्ज आणि सरांचे ९० लाख, आणि फंडाशी ओळख ठेवायची. पंधरा हजार मागांवर वर्षाचं भाडं पावणेतीन कोटींच्या घरात जाईल. त्या वेळी फंडाशी बोलायला बसाल तेव्हा अटी वेगळ्या असतील, कदाचित फंडही वेगळा असेल.

पण हा कौल तुमच्या मित्रावर अवलंबून आहे, आणि तुमच्या पत्रात तो फक्त एका वाक्यापुरता येतो. दोघं निम्मे-निम्मे आहात आणि तुमच्यात लेखी करार आहे असं कुठे दिसलं नाही. फंडाला उत्तर देण्याआधी एक संपूर्ण संध्याकाळ फोन बंद करून बसा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा: सात वर्षांनी मला काय करायचं आहे, कंपनीला ६० कोटी मिळाले तर मी विकेन का, घरी महिन्याला किती लागतात, आपल्यातला एक सोडून गेला तर त्याच्या शेअरचं काय. मग कागद अदलाबदल करा. त्याला ८०० कोटींची कंपनी करायची असेल, दहा वर्षं झोकून देण्याची तयारी असेल, तर त्याचा फंडाकडे असलेला ओढा मोहाचा नाही, समजून केलेला आहे. तेव्हा सरांचे पैसे घेऊन त्याला गप्प बसवू नका, तो दोन वर्षांत निघून जाईल. तुमची उत्तरं जुळली नाहीत तर तिघांपैकी कोणाचेही पैसे घेऊ नका. बाहेरचा माणूस आला की हाच मतभेद संचालक मंडळात भांडण होऊन येतो, आणि तेव्हा निर्णय तुमच्या हातात राहत नाही. उत्तरं जुळोत न जुळोत, कोणी मध्येच सोडलं तर शेअर कसे परत यायचे, याचा करार आपापसांत आत्ताच करून ठेवा.

दहा दिवसांच्या मुदतीने घाईला येऊ नका. टर्म शीट बरीचशी बंधनकारक नसते हे खरं, पण शेवटच्या पानावरचं कलम बंधनकारक आहे: सही केल्यापासून ६० दिवस दुसऱ्या कोणाशी बोलणी करायची नाहीत. तुम्ही बांधले जाता आणि फंड मात्र ५९व्या दिवशी नाही म्हणू शकतो. त्या काळात सर थांबतीलच असं नाही. फंडाला साधी मेल पाठवा, की प्रस्तावाबद्दल आभार, आम्हाला तीन आठवडे हवेत आणि चार गोष्टींची उत्तरं हवीत: विक्रीच्या वेळचं कलम, राखीव शेअर कोणाच्या वाट्यातून, मंडळावर कोण, आणि २०३० नंतर काय. ज्यांना तुमची कंपनी खरोखर हवी आहे ते तीन आठवडे थांबतात.

सरांशी करार करायचं ठरलं तर मसुदा सहीआधी मला पाठवा. वकील तुमचा स्वतंत्र असू द्या, सरांनी सुचवलेला नको. संमती लागणाऱ्या बाबींचं पान आणि शेअर हस्तांतराचं पान मी आधी वाचून कळवते, बाकीचं त्यानंतर बघू.